आतून लावलेली कडी

"ओ ताई, इकडं कुठं? हे पुरुषांचं आहे."

दारापाशी खुर्ची टाकून बसलेला माणूस अर्धवट उठला आणि त्याने हात आडवा केला. माझ्या एका हातात ह्यांचं मनगट होतं, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी.

"मला नाही जायचं," मी म्हटलं. "ह्यांना न्यायचंय. एकट्याने जमत नाही ह्यांना."

"मग पाठवा की त्यांना. आत माणसं आहेत."

"अहो, त्यांना कळत नाही. कुठे बसायचं, कडी कशी काढायची, काही कळत नाही. दोन वर्षं झाली."

त्याने ह्यांच्याकडे नीट पाहिलं. हे दिसायला धडधाकट. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात बूट. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून तीस वर्षं उन्हात काढलेला माणूस. कामावर मजुरांसमोर उभे राहायचे तसेच ताठ उभे होते. बघणाऱ्याला वाटावं, हेच मला धरून कुठेतरी घेऊन चाललेत.

"चांगले तर आहेत," तो म्हणाला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि हे अडुसष्टचे. आम्ही बार्शीहून पुण्याला निघालो होतो, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला. तीन महिन्यांनी एकदा जावं लागायचं. गाडी नेहमी सादिकभाईंची. टेंभुर्णी मागे टाकून हायवेला लागलो आणि थोड्या वेळाने हे मागच्या सीटवर चुळबुळ करायला लागले. ती चुळबुळ मला ओळखता यायची. पुढे विश्रांतिस्थळाची पाटी दिसली तसं मी सादिकभाईंना गाडी आत घ्यायला सांगितली. आम्हाला उतरवून ते शेजारच्या पंपावर डिझेल भरायला गेले. रांग मोठी होती.

सादिकभाई ह्यांना आत घेऊन गेले असते. माणूस सोन्यासारखा. पण आजार वाढल्यापासून हे अंगाला कुणा पुरुषाचा हात लावून घेत नसत. दवाखान्यातल्या वॉर्डबॉयला त्यांनी थोबाडीत मारली होती आणि एकदा सादिकभाईंचा शर्ट फाडला होता. माझ्याशिवाय कुणी चालायचं नाही. अंघोळ मी, जेवण मी, संडास मी. रात्री कूस बदलली तरी ह्यांचा हात मला चाचपायचा.

शेवटी मी ह्यांना सांगितलं, "अहो, सरळ आत जा. मी इथेच उभी आहे." हे शहाण्यासारखे गेले. मी दाराबाहेर उभी. येणारे-जाणारे पुरुष माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते.

पाच मिनिटं झाली, सात झाली. मग आतून कुणाचा तरी आवाज आला, "ओ काका, अहो इथं नाही!" आणि पाठोपाठ हसणं. एक तरुण ह्यांना शर्टाच्या बाहीला धरून बाहेर घेऊन आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, मागून खराब झालेली. हे माझ्याकडे बघत होते. शाळेत काहीतरी चुकलेलं पोर बघतं तसं.

"काकू, ह्यांच्याबरोबर कुणीतरी माणूस पाठवायचा ना," तो मुलगा म्हणाला. वाईट नव्हता तो. पण मला त्या क्षणी त्याचा फार राग आला.

मी ह्यांना घेऊन बायकांच्या बाजूला वळले. दुसरं काय करणार? आत पाऊल टाकलं आणि आरडाओरडा झाला. कुठल्यातरी सहलीची बस आली होती. वीसेक बायका आरशासमोर.

"अगंबाई, पुरुष आत आणलाय!"

"आजारी आहेत हो," मी म्हटलं. "दोन मिनिटं त्या कोपऱ्यातल्या..."

"आजारी असले तरी काय झालं? आमच्या मुली आहेत इथे."

त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांच्या लेकी खरंच तिथे होत्या. लादी पुसणारी बाई पुढे आली. हिरवा कोट, डोक्याला रुमाल, पंचेचाळिशीची असेल. शेवंताबाई. नाव मला नंतर कळलं.

"ताई, माझं काय न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली, "पण ह्या बाया गप बसायच्या न्हाईत. तिकडं तिसरं दार हाय बघा, अपंगाचं. पर त्याला कुलूप हाय. आत पाण्याच्या बाटल्यांचे खोके भरल्यात. किल्ली मॅनेजरसायबाकडं."

मॅनेजर काचेच्या खोलीत बसला होता. ह्यांच्या कपड्यांचा वास तिथवर गेला असणार, कारण त्याने मान वर केली ती नाकाला रुमाल लावूनच.

"ते अपंगांसाठी राखीव आहे," तो म्हणाला. "यांचं सर्टिफिकेट आहे का?"

"सर्टिफिकेट घरी आहे. डोळ्यांना दिसतंय ना तुमच्या?"

"मॅडम, आवाज चढवू नका. आत माल आहे. तो हलवायला माणसं नाहीत आत्ता. एवढा आजारी माणूस घेऊन तुम्ही प्रवासाला निघता कशाला?"

त्या दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र होतं. दार चांगलं रुंद होतं. मी त्याच्यासमोर ह्यांना धरून उभी राहिले आणि आता काय करायचं हे मला खरोखर सुचेना.

शेवंताबाईंनीच सुचवलं. इमारतीच्या मागे एक नळ होता, फडकी-बादल्या धुवायचा. तिथे मी ह्यांना नेलं. माझ्या पिशवीत चादर होती. ती शेवंताबाईंनी दोन्ही हातांनी पसरून धरली आणि तोंड पलीकडे फिरवलं. मी ह्यांचे बूट काढले, पँट काढली, धुतलं, पुसलं. पण चादर एका बाजूला पुरते, दुसरी बाजू उघडीच राहते. त्या बाजूला ट्रक उभे होते. सावलीला बसलेली चार-पाच माणसं जेवता जेवता थांबली होती.

"कुंदा," हे म्हणाले. "बघतायत."

कित्येक महिन्यांत ह्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. मी कोण आहे हेच त्यांना कित्येकदा आठवत नसे. नेमकं तिथे, त्या नळाखाली, त्यांना आठवलं. सगळं काही विसरलेल्या माणसाची लाज तेवढी शिल्लक होती.

"कुणी बघत नाही," मी म्हटलं आणि घाईघाईने दुसरी पँट चढवली.

मग पुढच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली बाकावर आणून बसवलं. बिस्किटं दिली. हे शांतपणे खायला लागले. तेव्हा कुठे मला माझी जाणीव झाली. सकाळी सहाला घर सोडलं होतं. प्रवासात मी पाण्याचा थेंब घेत नसे, कारण मला जायचं झालं तर ह्यांना कुणाकडे सोडणार? त्यापायी दोनदा जळजळ होऊन तापानं पडले होते. तरी आता उभं राहवेना.

शेवंताबाईंच्या ते लक्षात आलं. "ताई, तुम्ही जाऊन या. मी बसते ह्यांच्यापाशी."

"ते मधेच उठून चालायला लागतात हो."

"मी हाय न्हवं. जावा तुम्ही."

ती ह्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली. लादी पुसायचा दांडा तिने भिंतीला टेकवला. ह्यांनी तिला बसू दिलं. बाई होती म्हणून चाललं असेल.

मी आत गेले. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. बिस्किटाचा पुडा तेवढा होता.

पहिल्यांदा मी चिडले. मग हाका मारायला लागले. पुरुषांच्या बाजूला गेले, मागे नळापाशी गेले, काचेच्या खोलीत डोकावले. शेवंताबाई बादली घेऊन आतून पळत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात हायवेवरून ब्रेकचा आवाज आला. लांबलचक. मी त्या दिशेला वळलेसुद्धा नाही. मला माहीत होतं.

सादिकभाई तेव्हा पंपामागे टायरमध्ये हवा भरत होते. पंपावरच्या पोरांनी त्यांना नंतर सांगितलं. हे त्या पोरांकडे गेले होते आणि विचारत होते, "आमची मंडळी दिसली का हो? आमची मंडळी कुठे गेली?" परक्या माणसासमोर हे माझा उल्लेख असाच करायचे. 'बायको' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या पोरांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, ह्यांच्याबरोबरची माणसं. पलीकडच्या बाजूला लग्नाच्या वऱ्हाडाची बस उभी होती. एकाने बोट दाखवलं, "ती बघा काका, मंडळी तिकडं बसलीत." हे त्याला 'बरं' म्हणाले आणि निघाले. दुभाजकात कण्हेरी लावल्या होत्या. तिथपर्यंतही पोचले नाहीत.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतं. रस्त्यावर घातलेली तीच चादर. सादिकभाई उन्हात उभे राहून माझ्यावर छत्री धरत होते. मुलगी पुण्याहून आली, जावई आले. आणि दुपारी पोलीस. हवालदाराने मॅनेजरच्या टेबलावर कागद पसरला.

"तुम्ही किती वेळ आत होता?"

"दोन-तीन मिनिटं," मी म्हटलं.

"पेशंटजवळ कोण होतं?"

"ही बाई. मी बसते म्हणाली होती. मी बाहेर आले तर जागेवर नव्हती."

शेवंताबाई दारात उभी होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मॅनेजर तिच्यावर ओरडला, "तुला सांगितलंय कोणी नसत्या भानगडीत पडायला?" तिने तोंड मिटलं. मी सही केली.

चौथ्या दिवशी पेपरात आलं, सफाई करणाऱ्या महिलेच्या हलगर्जीपणामुळे वृद्धाचा मृत्यू. ठेकेदाराने तिला अपघाताच्याच दिवशी काढून टाकलं होतं.

मी मात्र त्यानंतर पेटून उठले. लोक असंच म्हणतात, "कुंदाताई पेटून उठल्या." अर्ज, निवेदनं, भेटी. पुरुषांसाठी एक दार, बायकांसाठी एक दार. पण नवऱ्याला धरून चालणारी बायको कुठल्या दाराने जाणार? दहा-बारा वर्षांच्या मतिमंद मुलीला घेऊन निघालेला बाप कुठे जाणार? म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेला मुलगा? प्रत्येक ठिकाणी एक खोली अशी हवी, जिथे दोघांना मिळून आत जाता येईल आणि कडी लावता येईल. मी पन्नास कचेऱ्यांमध्ये हे सांगितलं. एक साहेब हसून म्हणाले, "आजी, अख्ख्या कुटुंबाने एकत्र जायला ती काय सहल आहे?" मी तिथेही रडले नाही. माझ्याकडे माझी हकिगत होती. मी फक्त दोन मिनिटांसाठी आत गेले आणि माझा माणूस गेला, असं मी म्हटलं की समोरचा अर्ज ठेवून घ्यायचा. त्या वाक्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. सभांमध्ये बायका डोळे पुसायच्या.

आठव्या वर्षी मंजुरी आली. त्या ठिकाणी आणि त्याच रस्त्यावर आणखी दोन ठिकाणी. बांधकाम पुरं झाल्यावर मला बघायला नेलं. रुंद दार, भिंतीला धरायचे दांडे, झोपवून कपडे बदलता येतील असा फळीचा पलंग, गरम पाण्याचा नळ, आणि एका कोपऱ्यात पडद्याआड दुसरं भांडं. म्हणजे बरोबरच्या माणसालाही जाता यावं. ते मीच भांडून करून घेतलं होतं. उद्घाटनाची पुस्तिका निघणार होती. "ताई, त्या दोन मिनिटांवर एक पान लिहून द्या," असं पुस्तिका काढणाऱ्यांनी सांगितलं.

चार दिवस मी कागद घेऊन बसले. एक ओळ उमटेना. पाचव्या दिवशी सादिकभाईंना फोन केला. शेवंताबाईंची वस्ती त्यांना ठाऊक होती. विश्रांतिस्थळावरच्या चहावाल्याकडून त्यांनी तेव्हाच पत्ता घेऊन ठेवला होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हायवेपासून आत तीन-चार किलोमीटरवर घर. शेवंताबाई दारात चिंचा फोडत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखलं. उठली, आतून पाणी आणलं, गोणपाट झटकून टाकलं.

"बसा, ताई. लई दिसांनी."

"शेवंताबाई, कुठे काम करता आता?"

"ही चिंच. नाहीतर मग खुरपायला. हायवेवर कुणी घेईना. जाईल तिथं नाव सांगितलं की म्हणायचे, माणूस मेला ती बाई तूच का." ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. चिंचोका वेगळा, गर वेगळा, असा हात चाललेलाच होता.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी तेव्हा खोटं बोलले," मी म्हटलं. "मी दोन-तीन मिनिटं आत नव्हते. बावीस मिनिटं होते. हातात घड्याळ होतं."

तिचा हात थांबला.

"माझं काम लगेच झालं होतं. पण मी उठलेच नाही. झाकण पाडलं आणि त्यावर बसले. कडी आतून लावलेली होती. शेवंताबाई, दोन वर्षांत मी कडी लावून कुठे बसले नव्हते. घरीसुद्धा दार उघडं ठेवावं लागायचं, नाहीतर हे बाहेरून दार बडवायचे. तिथे कुणी हाक मारत नव्हतं. कुणी मला चाचपत नव्हतं. मी भिंतीला डोकं टेकलं. मला वाईट वाटत नव्हतं. मला बरं वाटत होतं. इतकं बरं, की मनात आलं, आता बाहेर जाऊच नये."

सादिकभाई गाडीपाशी उभे होते, पाठ करून. वाऱ्याने चिंचेची टरफलं उडत होती.

"मी दार वाजवलं व्हतं," शेवंताबाई म्हणाली.

"हो."

"कुणाच्या लेकरानं आत वांती केली व्हती. सायेब वरडत व्हता, आधी ते पूस म्हणून. मी तुमच्या दाराशी आले. म्हटलं, ताई, मला बोलावत्यात, तुम्ही बाहेर या. दोनदा वाजवलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "वाजवलं व्हतं न्हवं मी?"

"दोनदा वाजवलंत."

"नऊ वरसं झाली, मला वाटतंय, हळू वाजवलं आसंल. पंख्याचा आवाज व्हता लई. म्हटलं, ताईला ऐकू गेलं न्हाई. जरा जोरात वाजवलं असतं, तर त्या माणसाचा जीव गेला नसता. आजून रात्रीची उठून बसते मी."

"मी ऐकलं होतं," मी म्हटलं. "पहिल्यांदा वाजवलंत तेव्हाच. मी ओ दिली नाही. मनात म्हटलं, आणखी थोडा वेळ. एवढंच."

मला वाटलं होतं, ती मला शिव्या देईल. द्याव्यात, अशी माझी इच्छाही होती. ती पदराने हात पुसत राहिली. चिंचेचा चिकटा निघत नव्हता.

"तेव्हा पोलिसांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमचा माणूस बाहेर रस्त्यावर पडला व्हता, ताई. त्या टायमाला कसं बोलायचं?"

"उद्घाटनाला चला माझ्याबरोबर. मी सगळ्यांसमोर सांगते."

"न्हाई. तिथं मला न्हाई यायचं."

"मग मी काय करू? तुमची माफी..."

"माफीचं ऱ्हाऊ द्या." ती पहिल्यांदाच जरा तोडून बोलली. "तुम्हाला लिवता येतंय. कागदावर लिहून द्या. त्या टायमाला लिवलं व्हतं, तसंच."

अर्जाचं रेघांचं पॅड माझ्या पिशवीत कायम असतं. मी त्या गोणपाटावर बसूनच लिहिलं. तारीख, माझं पूर्ण नाव, वय वर्षं सत्तर. किती वेळ आत होते ते. काम झाल्यावरही का उठले नाही ते. आधीचा जबाब खोटा होता, हे. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक ठेकेदाराला, एक पुस्तिकेसाठी, त्या दोन मिनिटांच्या पानाच्या जागी. त्यांनी ते पुढे छापलं नाही. पण तो निराळा विषय. चौथी प्रत तिच्यासाठी लिहिली.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा."

मी वाचायला लागले. ती हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून ऐकत होती. "'...श्रीमती शेवंता महादेव गाडेकर यांनी माझे दार दोन वेळा वाजवून मला बाहेर बोलावले होते. मी ते ऐकले होते...'"

तिने हात वर केला.

"ते शेवटचं परत वाचा."

"मी ते ऐकले होते," मी वाचलं.